गेटवरची बाई

वर्षाराणी रेणुकेच्या डोळ्यांत खुपायला लागली ती टोपीपासून. त्याआधी जावाजावांचं लई गुळपीठ होतं अशातला भाग नाही, पण निदान बोलणं-चालणं होतं, एका भगुण्यातलं कोरड्यास दोघी खात होत्या. मग भादव्यात एक दिवस अद्वैतशेठनं जालन्याहून येताना एक पांढरी टोपी आणली, पुढं मिरचीचं चित्र असलेली. शेडनेटच्या दारात बारा बायका रांगेनं उभ्या केल्या आणि म्हणाला, "आजपासून आपल्याकडे एक मुकादम असणार." रेणुका सगळ्यात पुढं उभी होती. टोपी आपल्यालाच मिळणार हे तिनं मनात धरूनच ठेवलं होतं, म्हणून तिचा हात थोडा वरही गेला. आणि शेठनं टोपी दिली वर्षाराणीला. वर गेलेला हात रेणुकेनं तसाच कपाळाला नेला आणि नसलेला घाम पुसला.

बाकीच्या बायकांनी ते बघितलं. दैवशाला तर तोंडाला पदर लावून हसली. आता सांगा, असल्या जागी कुणाचंही काळीज जळेल की नाही?

त्यात रेणुकेचा हक्क होता, हे कुणालाही मान्य करावं लागेल. अद्वैतशेठ म्हणजे जुन्या जालन्यातल्या नरहर वकिलांचा मुलगा. पुण्यातली नोकरी सोडून आला, पिंपळगाव रेणुकाईच्या अलीकडं चार एकर जमीन ठोक्यानं घेतली आणि मिरचीच्या बियाण्यासाठी चार शेडनेट उभी केली. तेव्हा त्याला मिरचीचं फूल कुठून उघडतात हेही ठाऊक नव्हतं. धनगरवाड्यातली रेणुका त्याची पहिली कामकरीण. दुपारून बंद कळी चिमट्यानं उघडायची, आतले नराचे तुरे काढून टाकायचे, कळी फाटू द्यायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कळीला दुसऱ्या झाडाच्या फुलातली पूड बोटाच्या टोकानं लावायची आणि खूण म्हणून लोकरीचा धागा बांधायचा. बारा बायका, बारा रंगांचे धागे. कुणाच्या हाताला किती फळ धरलं ते झाडावरच दिसतं. हे सगळं बायकांना शिकवलं रेणुकेनं. दोन सालांमागं लग्न होऊन आलेल्या वर्षाराणीचं बोट धरून तिला सरीत उभी केली तीही रेणुकेनंच.

नेटमधला नेमही तिचाच. पहिल्याच साली अद्वैतशेठनं विचारलं होतं, "तुमच्याकडे मिरचीचं काही पाळतात का?" तेव्हा रेणुका छाती पुढं काढून म्हणाली होती, "पाळत्यात तर! चार दिवसाच्या बाईनं मिरचीत जायचं न्हाई. झाड आकसतंय." शेठनं मान डोलावली आणि नेम करून टाकला. ज्या बाईला अडचण असेल तिनं चार दिवस यायचं नाही, आणि आली नाही त्या दिवसाची मजुरी नाही. रेणुकेनं स्वतः तीन साल तो नेम पाळला. महिन्यातले चार दिवस ती घरी, गोठ्याकडच्या भिंतीला टेकून, शेरडांच्या लेंड्या झाडत बसायची आणि बाकीच्या बायका हसत-बोलत नेटकडं जाताना बघायची.

टोपी मिळाल्यापासून वर्षाराणीचं चालणंच बदललं, असं रेणुकेला वाटायचं. खरं तर ती पहिल्यासारखीच चालत होती. बारावी शिकलेली पोरगी, मोबाइलमध्ये हजेरी भरायची, शेठशी धीटपणानं बोलायची. शेठ तिला 'वर्षाताई' म्हणायचा आणि रेणुकेला 'ओ मावशी.' एवढ्या वयात मावशी! रेणुकेला अजून चाळिशीही लागली नव्हती.

एक दिवस दुपारून नेटमध्ये उमस अशी की पाठीवरची चोळी पिळून काढावी. सगळ्या बायका वाकून काम करत होत्या. शेठ दुसऱ्या नंबरच्या नेटमध्ये हिंडता हिंडता थांबला आणि एक फांदी वर उचलून म्हणाला, "हे बघा सगळ्यांनी. गुलाबी धागा. एका झाडाला किती फळं धरलीत!"

गुलाबी धागा वर्षाराणीचा.

"आणि पिवळा?" शेठनं शेजारचं झाड धरलं. "पिवळा कुणाचा?"

पिवळा कुणाचा हे बारा जणींना ठाऊक होतं. रेणुकेनं मान खाली घातली आणि चिमट्यात धरलेली कळी तिच्या हातून फाटली.

"मावशी, जरा हात चालवा," शेठ म्हणाला आणि पुढं गेला. रागानं म्हणाला नाही, अगदी सहज म्हणाला.

वर्षाराणी मागून हळूच म्हणाली, "आक्का, शेठला काय कळतंय? तुमचे दिवस कमी भरत्यात म्हणून धागे कमी दिसत्यात."

"तुझे बरे भरत्यात गं," रेणुका म्हणाली.

बोलताना ती सहज बोलली. पण बोलल्यावर तो शब्द तिच्याच डोक्यात घुसला. तुझे बरे भरतात. खरंच की! नागपंचमीपासून वर्षाराणी एक दिवस घरी बसलेली तिला आठवेना. पोटुशी म्हणावी तर तसंही काही नाही. मग?

माणूस एकदा कुणाच्या मागावर लागलं की त्याला झोपही गोड लागत नाही. रेणुका चार-पाच दिवस पहाटेच उठत होती. सहाव्या दिवशी उजाडता उजाडता वर्षाराणी उकिरड्याकडं गेलेली तिला दिसली. कागदात गुंडाळलेलं काहीतरी तिनं काठीनं उकरून आत पुरलं, वर शेण ओढलं आणि हात धुऊन आली. तासाभरानं तीच वर्षाराणी वेणी घालून, टोपी चढवून, डबा घेऊन दारात उभी. "चला आक्का, जल्दी. पूड वाळून जाईल."

रेणुकेनं वाटेत तिला धरलं. बाभळीच्या बनापाशी, आजूबाजूला कुणी नसताना.

"वर्षे, तू अडचणीची हायेस."

वर्षाराणी आधी दचकली, मग हसली. "बघितलं व्हय तुमी? कालपासून."

"आणि नेटमधी चालली?"

"मंग काय करू? चार दिवस बुडवू? दर महिन्याला चार दिवस म्हंजे साल गेल्यावर किती झालं बघा. आन् झाडाला काय कळतंय, आक्का? चार महिने झाले मी एक दिवस बुडवला न्हाई. तुमीच बघितलं न्हाई का, शेठनं कुनाचा धागा वर धरला?"

या पोरीनं विटाळ केला, याचा राग आला असं रेणुकेला वाटलं. पण तसं नव्हतं. ती तीन साल भिंतीला टेकून बसली, लेंड्या झाडल्या, मजुरी सोडली, आणि ही कालची पोरगी एक दिवस न बसता टोपी घालून हिंडते, याचा राग होता तो. आणि त्याहून वाईट म्हणजे झाडाला काही झालं नाही. झाड जरा आकसलं असतं, गुलाबी धाग्याची फळं गळून पडली असती, तर रेणुकेच्या जिवाला थोडा थंडावा मिळाला असता.

"तुमी बी येत जा," वर्षाराणी म्हणाली. "मी कुनाला सांगणार न्हाई."

"मला तुझ्याकडून शिकायचं न्हाई," रेणुका म्हणाली आणि झपाझपा पुढं निघाली.

त्याच आठवड्यात तिसऱ्या नंबरच्या नेटमध्ये बोकड्या रोग आला. पानं आत वळली, शेंडे गोळा झाले, कळ्या पिवळ्या पडून खाली गळायला लागल्या. अद्वैतशेठ सकाळ-संध्याकाळ पानं उलटी करून बघायचा, फोनवर कुणाकुणाशी बोलायचा, फवारणी करायचा. त्याचे डोळे लाल झाले होते. बियाण्याची कंपनी माल नाकारील या धास्तीनं तो जेवणही नीट करत नव्हता.

एक दिवस दुपारी त्यानं नुसतं विचारलं, "नेटचं दार कुणी उघडं ठेवलं होतं का? माशी शिरते."

आणि रेणुका म्हणाली, "दाराचं न्हाई ते, शेठ. नेम मोडलाय."

विचार करून ती बोलली, असं म्हणायची सोय नाही. शब्द तोंडातच बसलेला होता, दार दिसल्याबरोबर बाहेर आला. सगळ्या बायकांचे हात थांबले. शेठनं विचारायच्या आत तिनं बोट केलं. बोट केलं ते जावेकडं केलं.

शेठचे कान लाल झाले. असलं बोलायला त्यालाही जड जात होतं. "वर्षाताई, खरं आहे का?"

"व्हय," वर्षाराणी म्हणाली. तिनं मान खाली घातली नाही. "आले. मागच्या महिन्यात बी आल्ते. त्याच्या आदल्या बी."

"बघा, मी स्वतः हे मानत नाही. बोकड्या पांढऱ्या माशीनं येतो, हे मला माहीत आहे."

"मंग?"

"मग काय? अट ठरलेली होती. नेट माझं, पैसा माझा, बुडलो तर मी बुडणार. कुणाला कामावर घ्यायचं आणि कोणत्या अटीवर घ्यायचं हे मी ठरवणार. माझी अट खुळचट असेल, तर नुकसान माझंच होईल ना? त्यात सरकारनं पडायचं कारण नाही आणि दुसऱ्या कुणीही पडायचं कारण नाही. तुम्हालाही मोकळीक आहे. पटत नसेल तर दुसऱ्या नेटवर जा. मी कुणाला बांधून ठेवलेलं नाही."

ही भाषणं तो कानात वायर घालून रोज ऐकायचा, म्हणून त्याला बराबर पाठ होती. बायकांना निम्मं कळलं, निम्मं नाही. वर्षाराणीला मात्र सगळं कळलं असावं.

"नेट तुमचं, कबूल," ती म्हणाली. "मंग अंग माझं हाय का न्हाई? माझ्या अंगात काय चाललंय त्ये मी तुमाला काह्यला सांगू?"

शेठ म्हणाला, "हे कामाला लागायच्या आधी बोलायचं होतं."

"आधी मला विचारलं कुनी?" वर्षाराणीनं टोपी काढली, तिच्यावरची धूळ झटकली आणि खताच्या गोणीवर ठेवली. डबा उचलून ती निघाली. रेणुकेच्या जवळून गेली, पण तिच्याकडं न बघता गेली.

शेठ जरा वेळ पानं चाचपत राहिला. मग गोणीवरची टोपी त्यानं रेणुकेकडं सरकवली. "आता तुम्हीच बघा. सकाळी गेटवर उभ्या राहा, प्रत्येकीला विचारून आत घ्या. मला असलं विचारता येत नाही."

टोपी मिळाली. पदरावरून ती नीट बसेना, तरी रेणुकेनं घरापर्यंत काढली नाही. वाटेत दोघं-तिघं बघतील असं तिला वाटलं होतं, पण वाटेवर एक म्हैस सोडून कुणी नव्हतं.

घरात तिच्याआधी सगळं पोचलं होतं. सासू आसराबाई ओट्यावर लोकर पिंजत बसली होती. तिनं टोपीकडं बघितलं आणि परत लोकर हातात घेतली.

"घरातली गोष्ट घरात ठिवायची व्हती," ती म्हणाली.

"आत्याबाई, चार दिवसांचं तुमीच शिकवलं मला. वाड्यात जाऊ नको, मेंढरांत जाऊ नको, मिरचीत जाऊ नको."

"म्या मिरचीचं शिकवलं व्हतं. चहाडीचं न्हाई शिकवलं."

नवरा रामेश्वर शेरडांना पाणी पाजत होता. त्यानं बादली जोरात आपटली.

पण खरी गंमत पुढंच झाली. धाकटा दीर गोरक्षनाथ, वर्षाराणीचा नवरा, छोटा टेम्पो चालवायचा. पारध रोडला वसंता म्हणून एकाची तीन शेडनेट होती, तिथं तो शेणखत टाकायला जायचा. वसंताला बायका कमी पडत होत्या, आणि तिथं कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. तिसऱ्या दिवशी वर्षाराणी नवऱ्याच्या टेम्पोत बसून तिकडं कामाला गेली. चौथ्या दिवशी तिच्याबरोबर दोघी गेल्या. पुढच्या आठवड्यात टेम्पोच्या मागच्या हौद्यात पाच बायका उभ्या होत्या आणि वाडीतून जाताना मोठमोठ्यानं हसत होत्या.

अद्वैतशेठच्या नेटात सात बायका उरल्या. बोकड्या तर वर्षाराणी गेल्यावरही थांबला नाही, चौथ्या नेटात शिरला. शेठ म्हणाला, "ठीक आहे, ज्याला जिथं पटतं तिथं तो जाणार. हेच तर मी म्हणतो." पण म्हणताना त्याचं तोंड उतरलं होतं. नेम मात्र त्यानं बदलला नाही. उरलेल्या बायका पाळणाऱ्या आहेत, त्याही बिथरतील, असं त्याचं म्हणणं.

सात बायकांचं काम बारा जणींच्या जागी. रेणुकेची कंबर मोडून यायची. चिमटा धरून धरून बोटाच्या पेराला घट्टा पडला. संध्याकाळी घरी यावं तर वर्षाराणी चुलीपुढं बसून भाकरी थापत असायची, आणि आनंद अंगात मावत नसल्यासारखी खूश. तिकडं वसंताची बायको चहा देते म्हणे. तिकडं नेटला मोठे पंखे आहेत म्हणे. रेणुका ऐकत नव्हती असं दाखवून सगळं ऐकायची.

एक दिवस भाकरी पलटता पलटता वर्षाराणी आपणहून बोलली. "आक्का, गाडीत जागा हाय. तुमच्यासारखा हात तिकडं एकीचा बी न्हाई. मी वसंताभाऊला बोलून ठिवलंय."

रेणुकेच्या अंगाचा तिळपापड झाला. शिव्या दिल्या असत्या तर तिनं चार शिव्या परत दिल्या असत्या, हिशेब फिटला असता. ही तर शिफारस करून आली. माझी शिफारस, हिनं!

"मी तुझ्या हाताखाली येऊ?"

"हाताखाली कशाला? शेजारी."

"मला कामाची वाण न्हाई," रेणुका म्हणाली आणि ताट पुढं ओढलं. भाकरी तिला गिळवली नाही, तरी तिनं ती सगळी खाल्ली.

गेटवर उभं राहून तिला तेरा दिवस झाले होते. चौदाव्या दिवशी सकाळी न्हाणीत तिला कळलं, आपली तारीख आली. दोन दिवस आधीच आली. ती तशीच दगडावर बसून राहिली. घरी बसावं तर गेटवर कोण? शेठ दुसरीला उभी करील. एकदा दुसरी उभी राहिली की मग काय, ओ मावशी, जरा हात चालवा. सात बायकांत सातवी. तिनं जुनं फडकं घेतलं, लुगडं घट्ट नेसली आणि बाहेर आली.

दारात वर्षाराणी बादली घेऊन उभी. तिनं न्हाणीच्या मोरीकडं बघितलं, मग रेणुकेच्या हातातल्या टोपीकडं बघितलं. एका घरात राहणाऱ्या बायकांना काही सांगावं लागत नाही.

"बाजेखाली माझी पिशवी हाय," वर्षाराणी म्हणाली. "त्यात हायेत. दोन घिऊन जा. फडकं दिवसभर टिकायचं न्हाई."

"सांग जाऊन," रेणुका म्हणाली. "सांग ना! मी तुझं सांगितलं, तू माझं सांग."

"कुनाला?"

"अद्वैतशेठला."

वर्षाराणीनं तिच्याकडं असं बघितलं, जणू ते नाव तिला आठवावं लागलं. "तिकडं कोन जातंय आता? मला टाइम न्हाई, आक्का. गाडी निघायली." आणि बादली घेऊन आत गेली.

सांगितलं असतं तर बरं झालं असतं. रेणुका नेटपर्यंत चालत गेली ती हेच घोकत गेली. पिशवीला तिनं हात लावला नव्हता.

गेटवर सहा बायका यायच्या होत्या. पाच आल्या. पाचही जणींनी मान हलवली, आत गेल्या. रेणुका मांड्या आवळून उभी होती, ओटीपोटात कळ येत होती, ऊन अजून वर आलं नव्हतं तरी कानाशी घाम होता. मग दैवशाला आली. एकटी, पाय ओढत. तिनं गेटच्या दोन पावलं आधीच थांबून सांगितलं, "रेणुका, माझा दुसरा दिवस हाय."

"मंग आलीस काह्यला?"

"घरी बसून काय खाऊ? मागल्या टायमाला बी बुडले, न्हाईतर सासऱ्याच्या गोळ्या आणल्या असत्या. जाऊ दे आत. बोकड्या तर आलाच हाय, आता आनखी काय येणार?"

दैवशालेच्या तोंडावर हसू नव्हतं. तिचे ओठ कोरडे पडले होते. रेणुकेच्या मांडीवरून कोमट ओघळ खाली आला, तसा तिनं पाय पायाला चिकटवला. गेटच्या आत शेठ कुठंतरी पंप सुरू करत होता. एवढंच म्हणायचं होतं, जा गं आत. कुणाला कळणार होतं?

"न्हाई जमायचं," रेणुका म्हणाली. "नेम हाय."

दैवशाला जरा वेळ तिच्याकडं बघत राहिली. तिला काही दिसलं की नाही, देव जाणे. "बरं बाई," एवढंच म्हणाली आणि रस्त्यापर्यंत जाऊन मोरीच्या कठड्यावर बसली. घरी जायला तिचे पाय निघत नव्हते.

तेवढ्यात वाडीकडून टेम्पो आला. हौद्यात बायका दाटीनं उभ्या होत्या. टेम्पो मोरीपाशी हळू झाला, वर्षाराणी बाहेर वाकली आणि ओरडली, "दैवशालामावशी, बसलात काय? चला की!"

"माझी अडचण हाय गं."

"आमची बी हाय दोघीतिघींची. चढा!"

हौद्यात हशा पिकला. दोन हात खाली आले, तीन आले. दैवशालेनं चप्पल हातात घेतली, लुगडं खोचलं आणि त्या हातांनी तिला वर ओढून घेतली. कुणीतरी सरकलं, कुणीतरी तिचा डबा धरला. दैवशाला हसत होती. कितीक दिवसांत ती तशी हसलेली रेणुकेनं पाहिली नव्हती.

वर्षाराणी आपल्याकडं बघेल, असं रेणुकेला वाटलं. निदान तोंड वाकडं करील. पण तिनं बघितलंच नाही. टेम्पो पारधच्या वाटेला लागला.

इतके दिवस रेणुका एका वर्षाराणीवर जळत होती. आता धूळ खाली बसेपर्यंत ती रस्त्याकडं बघत उभी राहिली, आणि तिला हेवा वाटत होता तो दैवशालेचा, जिला तिनं स्वतः आत्ता दारातून माघारी लावलं होतं.

"आल्या का सगळ्या?" आतून शेठनं हाक दिली.

"आल्या," रेणुका म्हणाली आणि तिनं गेट आतून लावून घेतलं.